थंडीत यंत्रातली पिल्लं कवचातच मरतात. निघालेली कशी जगवायची?

रानपाखरू:

कोंबडीची अंडी उबवायचं यंत्र ४८ अंड्यांचं, आत पंखा, अंडी आपोआप फिरतात. खोली रात्री ९ अंशांपर्यंत उतरते, दुपारी १८ पर्यंत चढते. यंत्राच्या पडद्यावर पूर्ण काळ ३७.५ अंश दिसत होतं, आर्द्रता २८ ते ३२ टक्के. ऊब टिकावी म्हणून वर घोंगडं टाकलं होतं आणि झाकणावरची हवेची भोकं बुजवली होती.

हिशेब असा. ७व्या दिवशी उजेडावर धरून पाहिली तेव्हा ५ अंडी रिकामी, २ मध्ये रक्ताचं कडं, म्हणजे आतला जीव मेलेला. १८व्या दिवशी ३९ जिवंत. पहिलं पिल्लू २२व्या दिवशी पहाटे निघालं, शेवटचं २३व्या दिवशी संध्याकाळी. निघाली २२, आत मेली १७. त्यातल्या ६ पिल्लांनी टोच मारून भोक पाडलं होतं, पण आतला पापुद्रा कागदासारखा वाळून अंगाला चिकटला होता. उरलेली ११ पूर्ण वाढलेली, कवचाला साधी चीरही नाही. शेवटच्या तीन दिवसांत ओली पिल्लं बल्बखाली ठेवण्यासाठी झाकण पाच-सहा वेळा उघडलं.

पुढची खेप याच थंडीत लावायची आहे. नेमकं कुठे चुकलं? आणि निघालेली ३०-४० पिल्लं अशा खोलीत सहा आठवडे कशी सांभाळायची?

उबवणी:

तुम्ही आकडे नीट दिलेत म्हणून उत्तर देणं सोपं आहे. तीन वेगवेगळ्या चुका एकत्र आल्यात.

पहिली, उशीर. कोंबडीच्या अंड्याला २१ दिवस लागतात. पहिलंच पिल्लू २२व्या दिवशी निघालं आणि शेवटचं त्यानंतर दीड दिवसाने, म्हणजे अंड्यांना मिळालेली उष्णता पडद्यावरच्या आकड्यापेक्षा कमी होती. पडद्याचा सेन्सर बहुतेक वेळा हीटरजवळ किंवा पंख्याच्या झोतात असतो. खोली ९ अंशांवर गेली की यंत्राच्या भिंतीलगतची अंडी थंड पडतात आणि सेन्सरला त्याचा पत्ता नसतो. एका छोट्या बाटलीत पाणी भरून ती अंड्यांच्या रांगेत ठेवा, त्यात वेगळ्या थर्मामीटरचं टोक बुडवा आणि पहाटे व दुपारी दोन्ही वेळा वाचा. एकदा मधोमध, एकदा कोपऱ्यात. तो थर्मामीटर खरा आहे का हे आधी तपासायचं: ३८ अंशांच्या आसपासच्या कोमट पाण्यात तो आणि तापाचा थर्मामीटर एकत्र बुडवून फरक लिहून ठेवा. पंख्याच्या यंत्रात ३७.५ हवं. पंखा नसलेल्या यंत्रात मात्र अंड्याच्या वरच्या पातळीला ३८.३ ते ३८.९, कारण तिथे वर गरम आणि खाली थंड असे थर पडतात.

दुसरी, कोरडेपणा. थंडीत हा सगळ्यात मोठा शत्रू आहे. ५ अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची हवा घ्या. ऐकायला दमट वाटते. तीच हवा यंत्रात शिरून ३७.५ पर्यंत तापली की तिची आर्द्रता ११ टक्क्यांच्या आसपास उतरते. हवेतलं पाणी तेवढंच राहतं, पण गरम झालेली हवा सात पटींहून जास्त पाणी मागते आणि ते अंड्यातून ओढून घेते. म्हणून उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यात पुरणारी यंत्रातल्या पाण्याची एक पन्हळ थंडीत पुरत नाही. पहिले १८ दिवस ४५ ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के धरा. ओल्या वातीचा थर्मामीटर (टोकाला ओली वात गुंडाळलेला, आर्द्रता कळण्यासाठीचा) असेल तर ३७.५ ला तो पहिल्या टप्प्यात साधारण २८ ते २९ आणि शेवटी ३२ च्या आसपास दिसायला हवा.

आर्द्रता पाण्याच्या खोलीवर नाही, पृष्ठभागावर अवलंबून असते. पन्हळ काठोकाठ भरल्याने काही वाढत नाही. दुसरी पन्हळ भरा, नाहीतर पाण्यात स्पंज किंवा जाड कापड असं ठेवा की त्याचा बराच भाग बाहेर राहील. पाणी कोमटच ओता. गार पाणी ओतलं की यंत्र अर्धा तास तरी खाली घसरतं.

तिसरी, बंद भोकं. ती ११ पिल्लं मला बहुतेक याचीच वाटतात, जोडीला सततचा कोरडेपणा. १८व्या दिवसानंतर पिल्लू अंड्याच्या रुंद टोकाकडच्या हवेच्या पोकळीत चोच घालून फुप्फुसाने श्वास घ्यायला लागतं. त्या वेळी यंत्रातल्या सगळ्या अंड्यांची प्राणवायूची गरज सर्वांत जास्त असते, आणि नेमकं तेव्हाच आपण ऊब राखायला भोकं बुजवतो. घोंगडं काढा. त्याऐवजी थर्मोकोलचे तुकडे यंत्राच्या चारी बाजूंना लावा, पण भोकांवर आणि पंख्याच्या वाटेवर काहीही नको. पहिल्या आठवड्यात भोकं अर्धी उघडी चालतील, १८व्या दिवसापासून पूर्ण उघडी. त्यामुळे आर्द्रता घसरेल, ती पाण्याचा पृष्ठभाग वाढवून भरून काढायची, भोकं बंद करून नव्हे.

आणि ते झाकण. टोच मारलेल्या अंड्याभोवतीची दमट हवा झाकण उघडताच निघून जाते, ९ अंशांच्या खोलीत तर क्षणात. ओला पापुद्रा वाळतो, आकसतो आणि पिल्लाला जखडून टाकतो. मग त्याला गोल फिरून कवचाची टोपी कापताच येत नाही. तुमची ती सहा अशीच गेली. निघालेल्या पिल्लाला कसलीही घाई नसते. पोटातल्या बलकावर ते ४८ तास सहज काढतं. पहिलं पिल्लू निघाल्यापासून २४ तास झाकणाला हात लावू नका, मग सुकलेली सगळी एकदम काढा. भोक पाडल्यापासून बाहेर यायला १२ ते २४ तास लागणं अगदी स्वाभाविक आहे. त्याआधी कवच सोलायला गेलात तर पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्या अजून भरलेल्या असतात, त्या फुटून पिल्लू रक्तस्रावाने मरतं.

खुराडं:

उबवणींशी एका गोष्टीत माझा मतभेद आहे. ५० टक्के हा आकडा मी धरून बसत नाही. जाड कवचाचं तपकिरी अंडं आणि पातळ कवचाचं पांढरं अंडं एकाच आर्द्रतेत सारखं सुकत नाही, आणि स्वस्तातले आर्द्रतामापक ८-१० टक्क्यांनी सहज चुकतात. खरं सांगतो तो तराजू.

लावण्याआधी दहा अंडी पेन्सिलने खूण करून वजन करा. १८ दिवसांत वजन १२ ते १४ टक्के घटलं पाहिजे. दहा अंड्यांचं मिळून ५५० ग्रॅम भरलं असेल तर ७व्या दिवशी साधारण ५२२, १४व्या दिवशी ४९४ आणि १८व्या दिवशी ४७८ च्या आसपास हवं. ७व्या दिवशी ५०५ दिसलं तर यंत्र फार कोरडं आहे, पाणी वाढवा. ५३५ दिसलं तर दमट, पाणी कमी करा. प्रत्येक अंड्यावर त्याचं सुरुवातीचं वजन लिहा, म्हणजे एखादं रिकामं निघालं तर त्याचे ग्रॅम वजा करता येतात. दमटपणाही मारतोच: पोकळी लहान राहते, पिल्लू पाण्याने फुगतं आणि टोच मारताना नाकातोंडात द्रव जाऊन गुदमरतं. त्यामुळे कोरड्याच्या भीतीने पहिल्या दिवसापासून ६५ टक्के ठेवू नका.

मापकच तपासायचा असेल तर बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूइतकं भिजवा आणि मापकासह घट्ट बंद होणाऱ्या बरणीत ठेवा. सात-आठ तासांनी ७५ टक्के दिसायला हवं. जेवढा फरक, तेवढा कायम लक्षात ठेवून वाचायचं.

आता कुणी न विचारलेली गोष्ट, पण थंडीत निम्मा निकाल तिथेच ठरतो: यंत्रात जाण्याआधीची अंडी. गोठणबिंदूच्या खाली गेलेल्या खुराड्यात अंडं गोठतं, कवचाला केसासारखी चीर जाते आणि ती डोळ्यांना दिसतही नाही. गोठलं नाही तरी ४-५ अंशांत पडून राहिलेल्या अंड्याची उबण्याची शक्यता घटते. दिवसातून तीन-चार वेळा अंडी गोळा करा, शेवटची फेरी अंधार पडायच्या आत. साठवण १३ ते १८ अंशांत, निमुळतं टोक खाली, सात दिवसांपेक्षा जास्त नाही. त्यानंतर प्रत्येक दिवसागणिक उबण्याची शक्यता घटत जाते.

साठवलेलं गार अंडं थेट गरम यंत्रात ठेवलं की त्याला घाम सुटतो. त्या ओलीतून जंतू कवचाच्या छिद्रांत शिरतात आणि दहाव्या-बाराव्या दिवशी अंडं सडून फुटतं. आधी ७-८ तास २२ अंशांच्या आसपासच्या खोलीत राहू द्या, वारा न लागता. मळकं अंडं धुवायला जाऊ नका. गार पाण्यात तर मुळीच नाही, कारण आतला भाग आकसून बाहेरची घाण आत ओढतो. खूप मळलेलं असेल तर लावूच नका.

यंत्र खोलीच्या आतल्या भिंतीजवळ, जमिनीपासून वर, खिडकी-दारापासून लांब. खोली २० अंशांवर ठेवता आली तर निम्म्या अडचणी आपोआप सुटतात. सगळी खोली तापवणं जमत नसेल तर यंत्रातल्या रिकाम्या जागेत पाण्याच्या छोट्या बाटल्या भरून ठेवा. त्या एकदा ३७ अंशांना आल्या की रात्रीचा चढउतार बराच झेलतात.

खुडूक कोंबडीखाली लावणार असाल तर उन्हाळ्यात १२ अंडी घालता तिथे थंडीत ८ किंवा ९ च घाला. पंखांबाहेर डोकावणारी अंडी रोज बदलत राहतात, त्यामुळे एकदोन नाही, सगळ्याच अंड्यांना आळीपाळीने गारठा बसतो. खाली गवताची जाड बैठक, आणि दाणापाणी जवळच, म्हणजे ती १५-२० मिनिटांत परतते.

तूसगादी:

उबवण्याचं वरच्या दोघांनी सांगितलंच आहे, मी पिल्लांचं सांगतो. एक गोष्ट आधी: यंत्रात थंडी हवा कोरडी करते, ब्रूडरमध्ये, म्हणजे निघालेली पिल्लं उबेत वाढवायच्या जागेत, मात्र उलटं होतं. तिथे आपण दारं-पडदे लावून घेतो, पिल्लांचा श्वास, विष्ठा आणि सांडलेलं पाणी आत कोंडतं आणि हवा ओली, अमोनियाची होते. थंडीत पिल्लं गारठ्याने मरतात तशीच या कोंडलेल्या हवेनेही मरतात. पिल्लाला ऊब द्यायची, पण खोलीचा श्वास बंद करायचा नाही.

४० पिल्लांसाठी सुरुवातीला १.२ मीटर व्यासाचं गोल कडं पुरतं. गोलच हवं, कोपरा मिळाला की पिल्लं त्यात एकमेकांवर चढतात आणि खालची चेंगरतात. उंची ४५ सेंटिमीटर. थंडीत जाळीचं कडं नको, पत्रा किंवा जाड पुठ्ठा लावा, कारण जमिनीलगतचा वारा थेट पिल्लांच्या पोटाला लागतो. दुसऱ्या आठवड्यापासून कडं दर दोन-तीन दिवसांनी वाढवत न्या. महिन्याच्या पिल्लाला किमान अर्धा चौरस फूट जागा लागते.

खाली भाताचं तूस किंवा लाकडाचा जाडसर भुसा, ८ ते १० सेंटिमीटर. फरशी सिमेंटची असेल तर १० च धरा, सिमेंट उष्णता ओढून घेतं. बारीक भुशाची पूड नको, पिल्लं ती खातात. नुसतं वर्तमानपत्रही नको, त्यावर पाय घसरून फाकतात आणि पिल्लाला नीट उभं राहता येत नाही. पहिल्या दिवशी तुसावर खडबडीत कागद अंथरून त्यावर खाद्य पसरा, तिसऱ्या दिवशी काढून टाका.

बल्ब पिल्लं आणण्याच्या २४ तास आधी लावायचा. हवा तासाभरात तापते, तूस नाही. गार तुसावर ठेवलेल्या पिल्लाचे पाय गार पडतात आणि ते चरायलाच जात नाही. पिल्लाचे पाय आपल्या गालाला लावून बघा; गार लागले तर थर्मामीटर काहीही सांगो, पिल्लू गारठलंय.

पिल्लामागे २ वॅट हा नेहमीचा हिशेब आहे. ९ अंशांच्या खोलीत तो पुरत नाही, ३ ते ४ वॅट धरा. ४० पिल्लांना एकच मोठा बल्ब लावण्यापेक्षा पत्र्याच्या छत्रीखाली दोन बल्ब लावा. रात्री एक उडाला तर दुसरा सकाळपर्यंत तारून नेतो. एलईडी दिवा उजेड देतो, उष्णता जवळजवळ नाही, त्यामुळे जुना तारेचा बल्ब, इन्फ्रारेड दिवा किंवा सिरॅमिक हीटरच हवा. सिरॅमिकला उजेड नसतो, म्हणून दाणा दिसायला शेजारी छोटा दिवा लागतो. दिव्यावर नॉनस्टिक तव्यासारखं टेफ्लॉनचं आवरण असेल तर वापरू नका, तापल्यावर निघणारा वायू पक्ष्यांना घातक आहे. २५० वॅटचा इन्फ्रारेड तुसापासून ४५ ते ६० सेंटिमीटर वर, साखळीने टांगलेला, आणि साखळी सुटली तरी खाली येऊ नये म्हणून वेगळ्या तारेने दुसऱ्यांदा बांधलेला. वायरीवर टांगू नका. तुसात पडलेला दिवा पूर्ण शेड पेटवतो.

तापमान तुसापासून ५ सेंटिमीटर वर मोजायचं, म्हणजे पिल्लाच्या पाठीच्या पातळीला. पहिला आठवडा ३३ ते ३५, मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी, पाचव्या आठवड्यात २१ ते २३. पण शेवटी पिल्लांकडे बघा. दिव्याखाली गठ्ठा करून टिपेचा आवाज काढत असतील तर गारठा. कडेला जाऊन चोच उघडी, पंख सैल, तर उष्णता जास्त. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर उलट बाजूने वारा येतोय, मेणबत्ती धरून फट शोधा. बरी असतात तेव्हा पसरून बसतात आणि हळू चिवचिवतात. रात्री दोन वाजता एकदा तरी बघा, दुपारचं समाधान रात्री खरं नसतं.

पाणी कोमट, २५ अंशांच्या आसपास. भांडं दिव्याच्या बरोबर खाली नको, थोडं बाजूला आणि दोन-अडीच सेंटिमीटर उंच पाटावर, म्हणजे तूस भिजत नाही. आणल्या आणल्या प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात बुडवा, मग खाद्य. आठ तासांनी दहा-बारा पिल्लांच्या गळ्याखालची पिशवी चाचपा. निदान दहापैकी आठांची भरलेली, मऊ लागली पाहिजे, आणि २४ तासांनी जवळपास सगळ्यांची. रिकाम्या जास्त असतील तर बहुधा खाद्याचा दोष नसतो, ऊब कमी असते. स्टार्टर खाद्यात, म्हणजे लहान पिल्लांच्या पहिल्या खाद्यात, प्रथिनं २० ते २२ टक्के.

गुदद्वाराला विष्ठा चिकटून वाळलेली दिसली तर कोमट पाण्यात कापूस भिजवून मऊ करून काढा आणि पिल्लू पूर्ण सुकवून परत सोडा. ओढू नका. असं एकदोन पिल्लांत दिसलं तर ठीक, दहात दिसलं तर तापमान चुकलंय, कमी किंवा जास्त, दोन्हीने होतं.

माळरान:

वीज जास्त जात असेल तर ब्रूडरच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवा, ऊब चांगली येते. रात्रभर पडदे घट्ट लावून घ्यायचे, सकाळी काढायचे.

तूसगादी:

माळरानभाऊ, हे कृपा करून कुणी करू नका. पेटत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही. बंद खोलीत पिल्लं सुस्त होऊन सकाळी मेलेली सापडतात, आणि रात्री बघायला आत गेलेल्या माणसाच्याही जिवावर बेततं. इंधन जाळावंच लागलं तर धूर पाइपने बाहेर नेणारी बुखारी हवी आणि वर उघडी वाट हवी.

पडदे खालून वर बंद होणारे हवेत आणि वरची एक फूट पट्टी नेहमी उघडी. गरम, ओली हवा वर जाते आणि तिथून निघते, पिल्लांवर झोत येत नाही. छताला थेंब दिसले किंवा खिडकीच्या काचा घामल्या तर वाट कमी पडतेय. अमोनिया उभं राहून कळत नाही. खाली बसा, नाक पिल्लांच्या उंचीला न्या आणि मिनिटभर थांबा. डोळे चुरचुरले तर पिल्लांच्या श्वासनलिकेला इजा व्हायला सुरुवात झालेली असते. तूस मुठीत दाबा: गोळा झाला तर ओलं, सुटून पसरलं तर बरोबर. रोज हलवा, भांड्याभोवतीचा ओला पोपडा त्याच दिवशी बाहेर. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात रक्ताळ विष्ठा येते ती बहुधा कॉक्सिडिओसिसची, म्हणजे आतड्यातल्या परजीवींच्या रोगाची, आणि त्याला ओलं, उबदार तूसच हवं असतं. अशी विष्ठा दिसली की त्याच दिवशी पशुवैद्यकांकडून पाण्यातलं औषध घ्या, दोन दिवस वाट बघू नका.

रानपाखरू:

सगळ्यांचे मनापासून आभार. बाटलीत थर्मामीटर ठेवून पाहिलं. मध्ये ३७.३, भिंतीलगत पहाटे ३६.४. मापक मिठाच्या चाचणीत ६८ दाखवतो. दोन गोष्टी उरल्या. वीज तीन-चार तास गेली तर काय करायचं? आणि सहाव्या आठवड्यात बाहेर सोडताना एकदम ९ अंशांत सोडायची का?

उबवणी:

मापक ७ ने कमी दाखवतोय, म्हणजे तुमचे ३० खरे साधारण ३७ होते, तरीही कोरडंच. मध्य आणि कडेतला ०.९ चा फरक मात्र जास्त आहे. थर्मोकोल लावल्यावर पुन्हा मोजा. अर्ध्या अंशाच्या आत आला नाही तर मधली आणि कडेची अंडी १८व्या दिवसापर्यंत रोज अदलाबदल करा. आकडा वाढवून कडेची वाचवायला जाऊ नका, मधली उकडतील. भ्रूण गारठा बऱ्यापैकी सोसतं, पण ४० अंशांच्या वर काही तासही नाही.

वीज गेल्यावर झाकण बंदच ठेवा. पहिल्या दोन आठवड्यांत घोंगडं टाका, भोकं थोडी उघडी राहतील असं. तीन-चार तासांनी सहसा खेप मरत नाही, फक्त निघायला उशीर होतो. १८व्या दिवसानंतर मात्र अंडी स्वतःच उष्णता निर्माण करतात, पंखा बंद पडतो आणि आत गारठ्यापेक्षा गुदमरण्याचा धोका मोठा. तेव्हा भोकं पूर्ण उघडी हवीत. वीज आल्यावर लगेच अंडी फेकू नका. चार-पाच दिवसांनी उजेडावर बघा, हालचाल आणि रक्तवाहिन्या दिसल्या तर खेप चालू आहे.

खुराडं:

एकदम सोडू नका. पाचव्या आठवड्यात आधी दुपारी दिवा बंद करा, दोन दिवसांनी सकाळ-संध्याकाळ, आणि शेवटच्या तीन-चार रात्री पूर्ण बंद. त्या रात्री ढीग करून बसली तर पुन्हा लावा, आठवडा लांबला तरी चालेल. मान आणि पाठ फुंकर घालून बघा: खाली लव दिसत असेल तर अजून तयार नाहीत, पिसांचा थर बंद झाला असेल तर सोडता येतील. बाहेर कोरडी जागा, वारा अडवलेला, छताजवळ हवेची वाट. बसायची काठी गोल बारीक नको, ५ सेंटिमीटर रुंदीची चपटी पट्टी द्या, म्हणजे बसल्यावर पोटाची पिसं बोटांवर येतात. पहिले चार-पाच दिवस सोडायची वेळ ऊन वर आल्यावर, आणि ढगाळ किंवा पावसाळी दिवस असेल तर तो दिवस सोडून द्या; कोरडा गारठा ती काढतात, भिजलेल्या पिसांत नाही.